द्विदल चारा आणि ढेकरातला मिथेन

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातल्या एखाद्या कोरड्या कुरणावर मराठवाड्यातला गुराखी जाऊन उभा राहिला, तर त्याला ते फारसे परके वाटणार नाही. माळावर कुसळी आहे. अंजन गवत तर तिथे मुद्दाम पेरतात. चरणाऱ्या गुरांना वशिंड आहे. १९३३ मध्ये अमेरिकेतून नेलेल्या ब्राह्मण जातीच्या गुरांची ही पुढची पिढी, आणि त्या जातीच्या रक्तात गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठच्या गुरांचाही अंश आहे. गवताच्या पट्ट्यांमधून सुबाभळीच्या लांबच लांब ओळी दिसतात, आणि चिकण, काळ्या जमिनीत आपले शेळीपालक बांधावर लावतात तो दशरथ घास. आपल्याकडे या झाडांनी चार भारे हिरवा पाला दिला की त्यांचे काम झाले. तिथे मात्र गेली काही वर्षे त्यांच्याकडे आणखी एक हिशेब मागितला जातो आहे: हा पाला खाल्ला तर गाय मिथेन किती कमी सोडते?

गाय जे गवत गिळते ते आधी कोठीपोटात आंबते. तिथले सूक्ष्मजीव गवतातले तंतू फोडतात आणि त्यात हायड्रोजन सुटतो. तो साठत गेला तर आंबण्याची क्रियाच मंदावते. म्हणून आर्किया वर्गातले काही सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात. हा वायू मागून सुटतो अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण बहुतेक सगळा मिथेन ढेकरावाटे तोंडातूनच बाहेर पडतो. चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण ६ टक्के अशी हवेत जाते आणि चारा निकृष्ट असेल तर त्याहून जास्त. म्हणजे पर्यावरणाची चिंता बाजूला ठेवली तरी गोपालकाच्या दृष्टीने ही निव्वळ तूटच. मिथेन वातावरणात सुमारे १२ वर्षे टिकतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींच्या आसपास उष्णता धरून ठेवतो. तो लवकर विरतो, त्यामुळे आज उत्सर्जन घटवले तर परिणाम याच पिढीला दिसेल. हवामान धोरणवाल्यांची नजर गुरांवर खिळली आहे ती यासाठी.

गोठ्यातल्या गाईसाठी उपाय निघाले आहेत. बोव्हेर या नावाने विकले जाणारे रसायन किंवा ॲस्परागॉप्सिस नावाचे लाल समुद्री शैवाल खुराकात थोडेसे मिसळले की मिथेन बराच घटतो. अट एवढीच की ते रोज आणि मोजून पोटात गेले पाहिजे. उत्तर ऑस्ट्रेलियात एकेक कुरण हजारो एकरांचे असते आणि गुरे वर्षातून एकदा-दोनदाच गोळा केली जातात. तिथे रोज गव्हाणीत चमचाभर पूड कोण टाकणार? कोलंबियाच्या दऱ्यांमधल्या किंवा विदर्भातल्या गायरानावरच्या गुरांचीही तीच गोष्ट. चरणाऱ्या जनावराला औषध द्यायचे तर ते कुरणातच उगवले पाहिजे. द्विदल चाऱ्याकडे संशोधक वळले ते या अडचणीतून.

द्विदल म्हणजे शेंगा धरणारे कूळ. लसूणघास, बरसीम, चवळी, क्लोव्हर, स्टायलो, सुबाभूळ, शेवरी ही सगळी त्यातलीच. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. त्यांच्या पानांत प्रथिने जास्त आणि तंतू कमी, म्हणून ती कोठीपोटातून लवकर पुढे सरकतात. चारा पोटात जितका कमी वेळ आंबतो, तितका प्रत्येक किलोमागचा मिथेन कमी. उष्ण प्रदेशातल्या गवतांचे याच्या उलट असते. ती झपाट्याने वाढतात, फुलोऱ्यावर आली की राठ होतात आणि गुरांच्या पोटात रेंगाळतात. फ्रेंच संशोधकांनी २०११ मध्ये जगभरातल्या प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. त्यात खाल्लेल्या सेंद्रिय पदार्थाच्या प्रत्येक किलोमागे उष्ण प्रदेशातल्या द्विदल चाऱ्याच्या तुलनेत तिथल्या गवतावर सुमारे २० टक्के जास्त मिथेन निघाला.

या कुळातल्या काही वनस्पतींकडे आणखी एक हत्यार आहे, ते म्हणजे टॅनिन. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात ते ज्यामुळे, तेच. टॅनिन प्रथिनांना चिकटते, तंतू फोडणाऱ्या जिवाणूंना आवर घालते आणि मिथेन बनवणाऱ्यांनाही त्रास देते. याचा पुरावा न्यूझीलंडमध्ये एका नेटक्या युक्तीने मिळाला. तिथे लोटस नावाचा द्विदल चारा खाणाऱ्या दुभत्या गाईंचा मिथेन राय गवत खाणाऱ्या गाईंपेक्षा कमी आढळला. मग काही गाईंना लोटसबरोबर पॉलिइथिलीन ग्लायकॉल पाजले गेले. हा पदार्थ टॅनिनला बांधून निकामी करतो. मिथेन पुन्हा वाढला, तरी राय गवतावरच्या पातळीला पोहोचला नाही. याचा अर्थ काही श्रेय टॅनिनचे आणि काही निव्वळ चांगल्या चाऱ्याचे.

टॅनिनचे प्रमाण मात्र सांभाळावे लागते. चाऱ्याच्या शुष्क पदार्थात ते २ ते ४ टक्के असेल तर फायदा होतो. ५ टक्क्यांच्या पुढे गेले की गुरे तो चारा टाळतात आणि पचनही घसरते. मिथेन तेव्हाही कमी दिसतो, पण जनावर उपाशी राहिल्यामुळे. अशा निकालाला यश म्हणणारे शोधनिबंध अगदीच विरळा नाहीत. टॅनिनचा एक फायदा मात्र कोणत्याही पशुपालकाला लगेच पटेल. ओल्या बरसीमवर किंवा कोवळ्या लसूणघासावर गाय उपाशीपोटी सोडली की पोटफुगी होते; टॅनिन असलेल्या द्विदलांवर ती होत नाही, कारण फेस धरून ठेवणारी प्रथिने टॅनिन आधीच बांधून टाकते.

दशरथ घासाची कहाणी या सगळ्या उत्साहाला वेसण घालणारी आहे. क्वीन्सलँडमधल्या जुन्या, सोडून दिलेल्या चाचणी-वाफ्यांमध्ये कित्येक वर्षांच्या दुष्काळातून आणि चराईतून जी झाडे जगली, ती जेम्स कुक विद्यापीठात जमा केली गेली आणि त्यांतून निवडलेल्या वाणांचे मिश्रण ‘प्रोगार्डिस’ या नावाने बाजारात आले. काचेच्या भांड्यात, कोठीपोटातल्या द्रवाबरोबर आंबवल्यावर या पानांनी मिथेन घटवला. मग त्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी जिवंत गुरांवर मोजणी केली. २०२१ मध्ये आलेल्या निकालात चांगल्या प्रतीच्या वैरणीबरोबर दशरथ घास दिल्यावर मिथेन कमी झाला नाही. एका प्रयोगात तर तो थोडा वाढलाच. त्या प्रयोगांतली इतर वैरण मुळात चांगली होती, तुलनाही लसूणघासाशी होती. एका चांगल्या द्विदल चाऱ्याने दुसऱ्या चांगल्या द्विदल चाऱ्यापेक्षा फार काही वेगळे करावे ही अपेक्षाच बहुधा जास्तीची होती. भांड्यातला निकाल छापून येतो तेव्हा गाईने अजून तोंड उघडलेले नसते, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

गाईने तोंड उघडल्यावरही मोजणे सोपे नाही. सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे गाय एक-दोन दिवस बंद खोलीत ठेवायची आणि आत जाणारी व बाहेर येणारी हवा तपासायची. पण खोलीत गाय चरत नाही, तिच्यापुढे कापलेला चारा टाकावा लागतो आणि कुरणावर ती पाने निवडून खाते तशी निवड तिला करता येत नाही. चरत्या गुरांसाठी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९४ मध्ये एक वेगळी पद्धत मांडली. सल्फर हेक्साफ्लुओराइड वायू ठरलेल्या वेगाने पाझरणारी बोटभर धातूची नळी गाईला गिळायला लावायची. मानेवर हवा काढून घेतलेली निर्वात नळकांडी बांधायची आणि तिथून एक बारीक नळी नाकपुडीपाशी आणायची. दिवसभरात श्वास आणि ढेकर थोडेथोडे त्या नळकांडीत ओढले जातात. त्यातले दोन वायूंचे प्रमाण पाहून मिथेनचा आकडा काढतात. गाय काटेरी तारेला मान घासते, झाडाखालून जाते, नळी निसटते आणि त्या दिवसाची नोंद वाया जाते. अलीकडे कुरणात खुराकाचे यंत्र ठेवतात. गोळीपेंडीच्या आशेने गाय त्यात तोंड घालते आणि तेवढ्या दोन-चार मिनिटांत तिचा श्वास मोजला जातो. गाईने दिवसात काय आणि किती खाल्ले, हा कुरणावरचा सर्वांत अवघड आकडा मात्र अजूनही अंदाजानेच भरावा लागतो.

या विषयातला सर्वांत रंजक अध्याय सुबाभळीचा आहे. मेक्सिकोकडचे हे झाड क्वीन्सलँडमध्ये सहा ते दहा मीटर अंतरावर ओळी करून लावतात, मधल्या पट्ट्यात गवत. एकदा रुजले की तीस-तीस वर्षे चारा देते. साध्या कुरणावर वर्षाला दीडशे किलोंच्या आसपास वाढणारे जनावर चांगल्या सुबाभूळ-कुरणावर अडीचशे किलोंपर्यंत वजन घेते. पण सुरुवातीला याच झाडाने गुरे आजारी पडत. पाल्यातले मिमोसिन कोठीपोटात डीएचपी नावाच्या विषात बदलते. मग केस झडतात, थायरॉइड सुजते, वजन घटते. टाउन्सव्हिलचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना १९७०च्या दशकात एक विसंगती दिसली. हवाई बेटांवर शेळ्या भरपूर सुबाभूळ खात होत्या आणि त्यांना काही होत नव्हते. त्यांच्या पोटात हे विष पचवणारा एखादा जिवाणू असावा, असा तर्क त्यांनी केला. हवाईतल्या शेळीच्या कोठीपोटातला द्रव ऑस्ट्रेलियात आणून जनावरांना पाजला गेला आणि ती सुधारली. कळपातल्या थोड्या जनावरांना डोस दिला की बाकीच्यांत तो आपोआप पसरतो, हेही कळले. १९९२ मध्ये या जिवाणूला सिनर्जिस्टिस जोन्सिआय असे नाव मिळाले. क्वीन्सलँडचे सरकारी केंद्र हे ‘पाजण’ तयार करून पशुपालकांना विकू लागले.

नंतर या गोष्टीला आणखी एक वळण लागले. इंडोनेशियातल्या पश्चिम तिमोरच्या अमारासी भागात शेतकरी बैल जवळजवळ निव्वळ सुबाभळीवर पुष्ट करतात. त्यांच्या मूत्रात डीएचपी सापडते, तरी जनावरे धडधाकट असतात. यकृतच ते विष बांधून निष्प्रभ करत असावे, असे आता काही संशोधक मानतात. तसे असेल तर पाजणीची गरज किती, याचा नव्याने विचार करावा लागेल. आपल्याकडे सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नये असा सल्ला वर्षानुवर्षे चालत आला आहे. गाभण आणि दुभत्या जनावरांसाठी तो पाळणे अजूनही शहाणपणाचे आहे, पण बैलांसाठी त्याची फेरतपासणी व्हायला हरकत नाही.

सुबाभळीवर प्रत्येक किलो चाऱ्यामागे मिथेन घटतो, असे ऑस्ट्रेलियातले आणि कोलंबियातले बरेच प्रयोग सांगतात. घट किती, यावर त्यांचे एकमत नाही. मुळात खरा फायदा किलोमागच्या त्या घटीत नाहीच. तो जनावराच्या वयात आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या मांसाच्या जनावरासाठी वर्षाला ६० किलो मिथेन धरला आहे. ते विक्रीच्या वजनाला एक वर्ष आधी पोहोचले, तर टॅनिनने काहीही केले नाही तरी ६० किलो मिथेन वाचला. तिथले निकृष्ट गवत आणि त्यात पडलेली द्विदलांची भर यांतले अंतर एवढे मोठे आहे की वनस्पतीच्या रासायनिक गुणांवर घातलेला सगळा वाद त्यापुढे किरकोळ ठरतो.

इथेच हिशेबाची खरी गोम आहे. वर्षभर आधी विकलेल्या जनावराची जागा कुरणावर रिकामी राहत नाही. सुबाभळीमुळे तेच कुरण जास्त गुरे पोसू शकते, आणि पशुपालकाने ओळी लावण्याचा खर्च केला तो नेमका जास्त गुरे ठेवता यावीत म्हणून. किलोभर मांसामागचे उत्सर्जन घटते, शेताचे एकूण उत्सर्जन तेवढेच राहते किंवा वाढते. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये गोवंश-व्यवस्थापनासाठी कार्बन क्रेडिटची जी पद्धत आणली, तिचा पाया किलोमागचे उत्सर्जन हाच होता. हे चूक म्हणता येणार नाही. मागणी ठरलेली असेल, तर कमी उत्सर्जनात पिकवलेले मांस दुसरीकडचे जास्त उत्सर्जनाचे मांस मागे ढकलते. पण वातावरणाला किलोमागचा आकडा कळत नाही, एकूण बेरीज कळते. द्विदल चाऱ्याने मिथेन ‘अमुक टक्के घटतो’ असे सांगणाऱ्या प्रत्येक लेखाला म्हणून एक प्रश्न विचारावा: कशामागे? चाऱ्याच्या किलोमागे, मांसाच्या किलोमागे, की साऱ्या कळपाचा?

द्विदल चाऱ्याचा इतिहास वाचताना जाणवते ते हे की तो प्रयोगशाळेत क्वचितच हरला. हरला तो रानात. टाउन्सव्हिल स्टायलो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात योगायोगाने पोहोचला, उत्तरेकडे पसरला आणि १९७०च्या दशकात अँथ्रॅक्नोज या करपा रोगाने जवळजवळ नाहीसा झाला. त्याची जागा घेणारे सेका आणि व्हेरानो हे वाण रोगाला तोंड देत आजही टिकून आहेत. सुबाभळीवर १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि १९८८ मध्ये भारतात सायलिड हा रस शोषणारा किडा आला आणि कोवळे शेंडे काळे पडले. क्वीन्सलँड विद्यापीठाने या किडीला दाद न देणारा ‘रेडलँड्स’ वाण तयार केला, पण बी उधळून नदीकाठी माजणारे झाड ही सुबाभळीची बदनामी त्याने पुसली नाही. जगातल्या शंभर घातक घुसखोर जातींच्या प्रसिद्ध यादीत तिचे नाव आहे. न्यूझीलंडचा लोटस रायच्या स्पर्धेत दोन-तीन वर्षांत मागे पडतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातले बिसेरुला हे द्विदल काचेच्या भांड्यात मिथेन झपाट्याने घटवते, पण ते चरणाऱ्या मेंढ्यांची कातडी उन्हाने भाजते.

न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी मग वेगळी वाट धरली. पांढऱ्या क्लोव्हरच्या फुलांत टॅनिन असते, पानांत जवळजवळ नसते. दुसऱ्या एका क्लोव्हरमधले टॅनिनचे बटण चालू करणारे जनुक त्यात घालून त्यांनी पानांत टॅनिन आणले. देशातले जनुकांतरित पिकांचे कायदे कडक, त्यामुळे शेतावरच्या चाचण्या अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात घ्याव्या लागल्या. ज्या देशाच्या एकूण हरितगृह उत्सर्जनात शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे, त्याला आपले रोप परदेशात वाढवून पाहावे लागले.

भारतात हा प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी होत्या. आंतरसरकारी समितीच्या त्याच मार्गदर्शिकेत उत्तर अमेरिकेतल्या दुभत्या गाईसाठी वर्षाला १२८ किलो मिथेन धरला आहे, भारतीय उपखंडातल्या गाईसाठी ५८. आपली गाय कमी खाते आणि कमी ढेकर देते, पण दूध त्याहून कितीतरी कमी देते. लिटरमागचा हिशेब केला की आपली बाजू पडते. बंगळूरच्या राष्ट्रीय पशू पोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य बनवले आहे आणि त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो, असे संस्था सांगते. गोठ्यातल्या जनावरासाठी ते ठीक. कडब्यावर, उसाच्या वाढ्यांवर आणि माळावरच्या कुसळीवर जगणाऱ्या जनावराला मात्र आधी प्रथिने हवीत.

सुबाभूळ महाराष्ट्रात रुजवण्यात उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेचा मोठा हात. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी स्थापन केलेल्या या संस्थेने १९७०च्या दशकात तिची मोठ्या पानांची, उंच वाढणारी जात पडीक जमिनींवर आणि बांधांवर लावायला सुरुवात केली. तेव्हा मिथेन हा शब्द कोणाच्या गावी नव्हता; हेतू संकरित गाईला हिरवा चारा मिळावा हा होता. तोच हेतू आज मिथेनच्या हिशेबातही बसतो, पण ऑस्ट्रेलियाचे गणित इथे जसेच्या तसे उतरत नाही. तिथे जनावर लवकर वजनाला येऊन कत्तलखान्यात जाते आणि त्याच्या ढेकरांची वर्षे कापली जातात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे. इथे उत्सर्जनाची वर्षे घटवायची तर ती दुसऱ्या टोकाला घटवावी लागतील: कालवड लवकर माजावर यावी, दोन वेतांतले अंतर कमी व्हावे, भाकड काळ आखूड व्हावा. तिन्ही गोष्टी चाऱ्यातल्या प्रथिनांशी बांधलेल्या आहेत, आणि तिन्हींमध्ये पेंडीच्या पोत्याऐवजी बांधावरचा पाला काही अंशी चालतो.

अडचण जमिनीची आहे. देशात लागवडीखालच्या क्षेत्रापैकी चाऱ्याला जेमतेम ४ टक्के मिळते, आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो लसूणघासाआधी कांद्याचा किंवा उसाचा विचार करतो. उरते ते गायरान. दशरथ घास, स्टायलो आणि सुबाभूळ कोरड्यात तग धरतात, बी गरम पाण्यात बुडवून पेरले तर बऱ्यापैकी उगवते. पण पहिले वर्षभर रोपांना तोंड लागता कामा नये. क्वीन्सलँडचा पशुपालक आपल्या मालकीच्या कुरणाला तार घालतो आणि गुरे वर्षभर दुसरीकडे चारतो. गायरान सगळ्या गावाचे असते. तिथे शेळ्या एका घरच्या, म्हशी दुसऱ्याच्या, पावसाळ्यात मेंढरांचा वाडा तिसऱ्याच गावाहून आलेला, आणि कडेच्या दोन एकरांवर कोणीतरी आधीच अतिक्रमण करून बसलेला. ज्या गावांनी चराईबंदी पाळून दाखवली आहे, तिथेच हे बी टाकून पाहता येईल. तिथल्या दुभत्या गाईंची दोन-तीन वेते टिपून ठेवली, तर लिटरमागच्या मिथेनचा महाराष्ट्रातल्या कुरणावरचा स्वतःचा आकडा हाती येईल.